दोघांनी मिळून गेममधलं एकच मोठं जग खेळायचंय, पण ते जग शेवटी कुणाचं राहतं?

कोलशेत_कट्टा

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकी अडचण कळणार नाही.

मी ठाण्यात कोलशेत रोडला राहतो, माझा मावसभाऊ खारघरला. चार वर्षांनी मोठा आहे, मी दादाच म्हणतो. लहानपणी मावशी नौपाड्यात राहायची, तिच्याकडे एकच कॉम्प्युटर आणि एकाच कीबोर्डवर आम्ही दोघं, तो बाणांच्या बटणांवर आणि मी डब्ल्यू-ए-एस-डीवर, मावशीने आणून ठेवलेलं पन्हं तसंच गरम होऊन जायचं पण कुणी उठायचं नाही. आता दादा ऐरोलीला नोकरीला, लग्न झालंय, मुलगी दीड वर्षाची. भेट होते ती गणपतीत नाहीतर कुणाच्या बारशाला. म्हणून ठरवलं की दर शुक्रवारी रात्री साडेदहा ते एक, मुलगी झोपली की हेडफोन लावून एकत्र खेळायचं. हे अडीच तास आम्हा दोघांनाही फार महत्त्वाचे आहेत, त्यामुळे त्यातला तास जरी फुकट गेला तरी जीव हळहळतो.

सेलमध्ये दोघांनी एल्डन रिंग हा गेम घेतला, दोन कॉपी. गेम सुंदर आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण एकत्र खेळायचं म्हटलं की असं होतं: मी आधी फर्लकॉलिंग फिंगर रेमेडी नावाची वस्तू वापरायची, तिकडे दादाने जमिनीवर त्याची सोनेरी खूण काढायची, ती खूण मला दिसेपर्यंत थांबायचं, मग हात लावला की तो माझ्या जगात येतो. आला की टॉरेंट, म्हणजे घोडा, दोघांचाही बंद. एवढं मोठं लिमग्रेव्हचं, म्हणजे सुरुवातीच्या भागाचं, मैदान आणि आम्ही पायी. दादाच्या औषधाच्या कुप्या निम्म्या होतात. बॉस, म्हणजे मोठा शत्रू, मेला की दादा आपोआप त्याच्या जगात परत जातो. मग सगळं उलट करायचं, मी त्याच्याकडे जायचं आणि तोच बॉस पुन्हा मारायचा.

मार्गिटची गोष्ट सांगतो. पुलावरचा तो पहिला मोठा बॉस, आमच्याकडून अकरा वेळा जमलं नव्हतं. पावणेएकला शेवटी पडला. दादाने हेडफोनवर एवढ्या जोरात "हाऽऽ!" केलं की वहिनी बाहेर आल्या. आणि त्याच क्षणी स्क्रीनवर मेसेज, दादाचा सोनेरी माणूस विरघळून गेला, त्या अंगणात मी एकटा उभा. कॉलवर दादाचा आवाज येतोय, "अरे मी परत माझ्याकडे आलो, इकडे तो अजून जिवंत आहे." दोघंही गप्प झालो थोडा वेळ. मग त्याच्याकडे जाऊन परत मारायची ताकद नव्हती, झोपलो.

तर प्रश्न असा: ओपन वर्ल्ड आरपीजी, म्हणजे मोकळ्या जगात फिरत आपलं पात्र वाढवायचा गेम, ज्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोघं एकाच जगात राहू, जे केलं ते दोघांचंही धरलं जाईल, असं काही आहे का? एमएमओ नको, हजार अनोळखी लोक नकोत, आम्ही दोघंच. माझा पीसी बरा आहे, दादाचा लॅपटॉप जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम. कंट्रोलर दोघांकडे आहेत. आणि कुणाला माहीत असेल तर हेही सांगा की कंपन्या असं बनवतच का नाहीत, की दोघांचं जग एक? मला खरंच समजून घ्यायचंय.

सागरविहार_वाशी

कट्टा, मार्गिटचं वाचून अगदी डोळ्यासमोर आलं, आमच्या तिघांच्या ग्रुपचं हुबेहूब हेच झालेलं.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण तो कळला की बाकीची निवड सोपी होते. कोणताही ओपन वर्ल्ड गेम आतून एक भली मोठी वही असते. हा दरवाजा उघडला, हा माणूस मेला, ह्या बाईशी बोलून झालं, ही तलवार उचलली, अशा हजारो नोंदी, आणि प्रत्येक नोंदीवर पुढच्या शंभर नोंदी अवलंबून. तुझी वही वेगळी, दादाची वही वेगळी. समजा तुझ्या वहीत एखादा माणूस जिवंत आहे आणि दादाने त्याला मारून टाकलाय. आता दोघं एका जगात आलात तर तो माणूस उभा दिसणार की नाही? गेमला कुणाची तरी एकाचीच वही खरी धरावी लागते. यजमानाची धरली तर पाहुण्याचं काम कुठे लिहायचं? त्याच्या वहीत मधलंच एखादं पान भरलं तर त्याची कथा तुटते, अर्धे दरवाजे उघडे, अर्धी माणसं गायब. म्हणून बरेच गेम सुरक्षित रस्ता घेतात, की पाहुण्याला अनुभव, पैसे, सामान द्या पण कथेतली प्रगती यजमानाकडेच ठेवा. फार क्राय ५ मध्ये २०१८ ला हेच होतं, पाहुण्याचं कॅरेक्टर पुढे जायचं, मिशन मात्र फक्त होस्टची पूर्ण व्हायची.

त्यामुळे गेम निवडताना मी एकच गोष्ट बघतो, वही कुणाच्या ताब्यात. एक प्रकार एल्डन रिंगसारखा, जग यजमानाचं आणि बाकीचे पाहुणे. दुसरा प्रकार व्हॅलहाईम किंवा एनश्राउडेडसारखा, जग वेगळं साठवलेलं आणि माणसं त्यात येऊन जाऊन, जगाची प्रगती ती सगळ्यांची. तिसरा बाल्डर्स गेट ३ किंवा डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ सारखा, म्हणजे एकच सेव्ह (साठवलेला खेळ), त्यातच दोघांची कॅरेक्टर आणि कथा एका टोळीची. तुला दुसरा किंवा तिसरा पाहिजे.

पण थांब, एल्डन रिंग टाकून देऊ नकोस. पीसीवर आहात ना दोघं? सीमलेस को-ऑप नावाचा मोड आहे, म्हणजे कंपनीने नाही तर चाहत्यांनी बनवलेली जोड; को-ऑप म्हणजे एकत्र खेळणं. तो टाकला की बॉस मेला तरी कुणी कुठे जात नाही, घोडा सगळ्यांना मिळतो, बॉस मेल्याची नोंद सगळ्यांच्या सेव्हमध्ये होते, आणि साधा गेम खेळणारे अनोळखी लोक मधेच घुसून मारायला येत नाहीत कारण हा मोड गेमच्या अधिकृत मॅचमेकिंग सर्व्हरला जोडतच नाही. दोघांनी सेटिंगच्या फाईलमध्ये एकच पासवर्ड लिहायचा. गेम मोडच्या लाँचरमधूनच चालू करायचा, नेहमीच्या बटणाने नाही. आत गेल्यावर टायनी ग्रेट पॉट नावाची वस्तू मिळते, ती वापरून एकाने जग उघडायचं, दुसऱ्याने मलेनियाची मूर्ती वापरून आत यायचं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ह्या मोडचा सेव्ह वेगळ्या फाईलमध्ये जातो, शेवटी सीओ२ असलेल्या, त्यामुळे तुमचा जुना एसएल२ सेव्ह आहे तसा राहतो. तरी त्या फोल्डरची एक कॉपी पेन ड्राइव्हवर काढून ठेवाच. दुसरं म्हणजे दोघांकडे मोडची आवृत्ती तंतोतंत तीच पाहिजे. आमच्यातल्या एकाने अपडेट केलं, दुसऱ्याने नाही, आणि पूर्ण शनिवार "जॉइन होत नाहीये" करण्यात गेला.

दादाचा लॅपटॉप किमान गरजेच्या काठावर आहे, एल्डन रिंगच्या किमान गरजेत जीटीएक्स १०६० आणि १२ जीबी रॅम लिहिलेली आहे. लो-मीडियमवर चालेल, गवताची क्वालिटी आधी कमी करा.

घणसोली_सखी

मी ह्या फोरमवर लिहीत नाही फारसं, वाचते. पण ही गोष्ट माझ्या अगदी जवळची आहे म्हणून राहवलं नाही.

कट्टा, तुम्ही दोघं आउटवर्ड खेळा. मी आणि माझी धाकटी बहीण खेळतो, ती कोपरखैरण्याला राहते, रविवारी येते माझ्याकडे आणि एकाच टीव्हीवर स्क्रीन मधोमध कापून खेळतो. २०१९ चा गेम आहे, कॅनडातल्या नाईन डॉट्स नावाच्या छोट्या स्टुडिओचा, नंतर २०२२ मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन आली. दोघांसाठीच बनवलेला आहे, स्प्लिट स्क्रीन किंवा ऑनलाईन. दिसायला एल्डन रिंगच्या जवळपासही नाही हे आधीच सांगते, तलवार फिरवताना हात जड वाटतात, पहिला तास कंटाळा येऊ शकतो.

पण ह्यात तुम्ही कुणी हिरो नसता. सुरुवातच कर्जापासून. सिएर्झो नावाच्या समुद्राकाठच्या गावात तुमचं घर, घराण्यावर कर्ज, आणि पाच दिवसांत १५० चांदीची नाणी भरली नाहीत तर घर जाणार. आम्ही पहिल्यांदा खेळलो तेव्हा बहिणीला वाटलं दोन-चार राक्षस मारू आणि पैसे येतील. राक्षस कसले, एका कोंबडीसारख्या प्राण्याने दोघींना लोळवलं. मग समुद्राकाठी मासे पकडले, गावात विकले, एकीने खाणीत जायचं, एकीने भाजी-मासे शिजवायचे असं करत चौथ्या दिवशी संध्याकाळी पैसे भरले. घर वाचलं तेव्हा बहीण सोफ्यावर उभी राहून नाचली. मला आजवर कुठल्या बॉसने एवढा आनंद दिलेला नाही.

आणि त्याचा नकाशा! नकाशा आहे पण तुम्ही त्यावर कुठे आहात ते दाखवत नाही. ठिपका नाही, बाण नाही. होकायंत्र बघायचं आणि आजूबाजूला ओळखीचं काय दिसतंय ते शोधायचं. त्यामुळे आमचं बोलणं असं असतं, "अगं तो मोठा डोंगर डावीकडे ठेव, मग नदी लागेल", "नाही गं, मघाशी तो उजवीकडे होता, आपण उलट आलोय." रात्र झाली की कंदील लागतो. मारामारीत पाठीवरची बॅग खाली टाकली की अंग हलकं होतं, कोलांटी नीट मारता येते, पण मग ती बॅग कुठे टाकली ते शोधत बसायचं, दोन बायका अंधारात एकच कंदील घेऊन बॅग शोधतायत. हे दोघांशिवाय होतच नाही. एकटीने खेळून बघितलं मी, तेच जग ओकंबोकं वाटलं.

फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे एका क्षणात दूरच्या जागी पोहोचणं, नाही. हरलात तर आधीचा सेव्ह लोड करून परत जाता येत नाही, कारण तो आपोआपच सेव्ह होत राहतो. हरल्यावर कधी डाकूंच्या छावणीत बिनकपड्याचे जागे होता, कधी कुणीतरी वाचवून आणलेलं असतं. जादू शिकायची तर मधल्या कॉनफ्लक्स पर्वताच्या पोटात जाऊन आपल्या आयुष्याचा आणि दमाचा थोडा हिस्सा कायमचा द्यावा लागतो. बहिणीने दिला, मी नाही दिला, अजून त्यावर आमचं बोलणं चालू आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. कथेतली प्रगती ह्यातसुद्धा होस्टच्याच नावावर जाते, दुसऱ्याचं सामान आणि शिकलेली कौशल्यं त्याच्याकडे राहतात. पण तुम्ही दोघं कायम एकत्रच खेळणार असाल तर फरक पडत नाही, होस्ट एकच ठरवून टाका. आम्ही ठरवलं, माझं घर, माझं जग, ती पाहुणी. तसंही रविवारी ती पाहुणीच असते.

सेक्टर_बारा_खारघर

सखी ताई, फार छान लिहिलंय, आजच विशलिस्टला टाकला.

मी नेटबद्दल बोलतो कारण ठाणे-खारघर म्हणजे दोन वेगवेगळे नेटवाले असणार आणि तिथेच घोडं अडतं. दोघांच्या मधला गेम म्हणजे बहुतेक वेळा एकाचा पीसी हाच सर्व्हर असतो. अंतर काहीच नाही, ठाणे ते खारघर पिंग (सिग्नल जाऊन यायचा वेळ) दहा-वीस मिलिसेकंदांच्या आत यायला पाहिजे, पण बऱ्याच घरगुती कनेक्शनना स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा थेट पत्ता, नसतो, शेकडो घरं एका आयपीमागे बसवलेली असतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. मग बाहेरून तुमच्या घरात थेट रस्ता नसतो आणि पोर्ट कितीही उघडलंत राउटरवर तरी उपयोग नाही. मी आठवडाभर राउटरशी झटलो, शेवटी आमच्या केबलवाल्याच्या माणसाने शांतपणे सांगितलं की साहेब तुमच्याकडे पब्लिक आयपीच नाही. तपासायचं असेल तर राउटरमध्ये दिसणारा वॅन आयपी (त्याचा बाहेरचा पत्ता) आणि एखाद्या वेबसाईटवर दिसणारा आयपी सारखा आहे का बघा. वेगळा असेल तर सीजीनॅट समजा.

उपाय आहेत. जे गेम स्टीमच्या (गेम विकणाऱ्या ऑनलाईन दुकानाच्या) नेटवर्कवरून जोडतात त्यांना हा त्रास कमी. व्हॅलहाईममध्ये क्रॉसप्ले (वेगवेगळ्या मशीनवरच्यांनी एकत्र खेळणं) चालू केलं की एक जॉइन कोड मिळतो, तो दादाला पाठव, पोर्टचा विषयच येत नाही. आणि जे गेम फक्त लॅनवर, म्हणजे एका घरातल्या नेटवर्कवर, चालतात त्यांना टेलस्केल किंवा झिरोटियर टाकून दोन घरांचं एक लॅन करता येतं, फुकट आहे, पंधरा मिनिटांचं काम. सखी ताईंचा आउटवर्ड स्प्लिट स्क्रीन आहे म्हणजे स्टीमचं रिमोट प्ले टुगेदर सुद्धा चालेल, त्यात एकाकडेच गेम असला तरी पुरतं, दुसऱ्याला नुसतं चित्र जातं आणि त्याच्या कंट्रोलरची बटणं इकडे येतात. फक्त त्याला अपलोड दमदार लागतो.

व्हॅलहाईम आम्ही चौघं खेळतो, दहा जणांपर्यंत चालतो, फेब्रुवारी २०२१ पासून अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला) आला आणि पहिल्या पाच आठवड्यांत ५० लाख कॉपी गेल्या, एवढासा एक जीबीचा गेम. आरपीजी म्हणावं का ह्यावर वाद होऊ शकतो, कथा जवळजवळ नाहीच. पण तुमचा मुद्दा, की जग दोघांचं, तो इथे पूर्ण सुटतो. दलदलीतल्या तळघरातून लोखंड काढायचं, आणि ते पोर्टलमधून नेता येत नाही, होडीनेच न्यावं लागतं. एका रात्री आम्ही होडी भरून लोखंड घेऊन निघालो, समोरून वारा, वल्हवत वल्हवत, आणि समुद्रसर्प मागे लागला. एक सुकाणूवर, तिघं बाण मारतायत. अर्ध्यात माझ्याकडे लाईट गेली, अख्खा सेक्टर अंधारात. जग माझ्या पीसीवर होतं, म्हणजे माझ्याबरोबर तिघंही बाहेर फेकले गेले. दुसऱ्या दिवशी मी जुना लॅपटॉप काढला, त्यावर डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे फक्त जग चालू ठेवणारा प्रोग्राम, टाकला. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, राउटरला बाराशे रुपयांचा छोटा यूपीएस लावला. आता मी नसलो तरी बाकीचे जगात जाऊ शकतात, शेतातलं गाजर काढू शकतात. ज्याच्याकडे जुना लॅपटॉप पडून आहे त्याने हे जरूर करा.

पामबीच_७१

मी थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

मला मनापासून वाटतं की मोठ्या कथेचे ओपन वर्ल्ड गेम एकट्यानेच खेळायचे असतात आणि कंपन्या को-ऑप देत नाहीत ते नुसतं तांत्रिक कारणाने नाही. अशा गेममध्ये एखाद्या पडक्या घरात शिरून भिंतीवरची चिठ्ठी वाचत पाच मिनिटं उभं राहणं हाच तर गेम असतो. दोघं असलात की एक वाचतोय आणि दुसरा उड्या मारतोय, "झालं का रे, चल ना." मी कॉलेजच्या मित्राबरोबर स्कायरिम टुगेदर रिबॉर्न करून बघितला, २०२२ मध्ये आलेला मोड, आणि एवढ्या लोकांनी फुकटात एवढं काम केलंय की त्यांना हात जोडले पाहिजेत. पण स्कायरिम २०११ चा, एका माणसासाठी बनवलेला. गावातला प्रत्येक माणूस एकालाच "तू" म्हणतो. आम्ही दोघं ड्रॅगनबॉर्न (कथेचा नायक), शेजारी शेजारी उभे, आणि बोलणं एकाशीच. दुसरा बाजूला टोपल्या उचलत बसलेला.

बाल्डर्स गेट ३ मध्येही चौघांचं को-ऑप उत्तम आहे, पण संवाद जो सुरू करतो त्याच्या हातात निर्णय, बाकीचे ऐकू शकतात. आमच्यातल्या एकाने एका पात्राला मी चहा आणायला गेलो तेवढ्यात नको ते बोलून ठेवलं आणि ते पात्र आमच्या छावणीतून कायमचं गेलं. दोन आठवडे वाईट वाटत होतं.

एक अजून. एल्डन रिंगमध्ये माणूस बोलावला की बॉसची तब्येतही वाढते. म्हणजे दोघं आलात म्हणून निम्मं सोपं होतं असं नाही.

सागरविहार_वाशी

पामबीच, राग कसला, बरोबर बोलताय. चिठ्ठीचं तर शंभर टक्के. आम्ही त्यावर नियम केला, ज्याला चिठ्ठी सापडेल त्याने मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी हलायचं नाही. एक मित्र तर आवाज बदलून वाचतो. त्यातल्या काही चिठ्ठ्या मला अजून पाठ आहेत, एकट्याने वाचलेली एकही आठवत नाही. त्यामुळे गेम एकट्यासाठी बनवलाय हे मान्य, पण दोघांना तो आवडूच शकत नाही हे नाही पटत.

बाल्डर्स गेटबद्दल कट्टाला सांगायचं राहिलं: १५० जीबी जागा आणि एसएसडी पाहिजे, दादाच्या लॅपटॉपला जड जाईल, तिसऱ्या अंकातल्या शहरात तर नक्की. आणि तो सलग ओपन वर्ल्ड नाही, मोठे मोठे नकाशे आहेत. पण एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचपासून (अपडेटपासून) पीसी, कन्सोल सगळ्यांचं क्रॉसप्ले झालंय, ज्यांच्याकडे वेगवेगळी मशीन आहेत त्यांनी विचार करावा.

उपवन_बाबा

धागा जरा बाजूला नेतो, क्षमस्व. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला गेन्शिन इम्पॅक्ट त्याच्या वर्गातल्या मित्राबरोबर खेळायचा आहे, फुकट आहे आणि मोबाईलवरही चालतो म्हणून. ह्यात जग कुणाचं? आणि अनोळखी कुणी आत येऊ शकतं का, ही माझी मुख्य काळजी.

घणसोली_सखी

बाबा, माझी भाची खेळते, तिच्याकडून शिकले ते सांगते. को-ऑप ॲडव्हेंचर रँक (खेळत वाढणारी पातळी) १६ झाल्यावर उघडतं, त्याच्या आधी एकट्यालाच खेळावं लागतं, तेवढा धीर धरायला सांगा. चार जणांपर्यंत. जग यजमानाचंच, पाहुण्याला दुसऱ्याच्या जगातल्या पेट्या उघडता येत नाहीत, आणि कथेचे भाग एकट्यानेच पूर्ण करायचे. म्हणजे मित्राबरोबर बॉस मारणं, भटकणं, फोटो काढणं एवढंच. आणि ज्याची वर्ल्ड लेव्हल जास्त त्याच्या जगात कमीवाल्याला जाता येत नाही, उलट चालतं, त्यावरून मुलांची रडारड होते.

तुमच्या काळजीचं: सेटिंगमध्ये आहे, थेट येऊ द्या, विचारून येऊ द्या, किंवा कुणालाच नको. "विचारून" वर ठेवा आणि पहिल्या दोन-तीन वेळा स्वतः शेजारी बसा. पैशाचंही बघा, त्यात पात्रं सोडतीसारखी काढायची असतात, फोनला कार्ड जोडलेलं असेल तर काढून टाका.

उपवन_बाबा

मनापासून आभार ताई. आज रात्रीच करतो. शेजारी बसायचं सुचवलंत ते सगळ्यात आवडलं.

कोलशेत_कट्टा

तीन शुक्रवार झाले, सांगायला आलोय. आधी सगळ्यांचे आभार, वहीचं उदाहरण मी दादाला जसंच्या तसं सांगितलं, तो म्हणाला मग आपण एकच वही घेऊ ना, त्यात काय.

पहिला शुक्रवार पूर्ण मोड टाकण्यातच गेला. दादाचा वॅन आयपी वेगळा निघाला, सीजीनॅटच, पण मोड स्टीमवरून जोडतो त्यामुळे काही अडलं नाही. सेव्हची कॉपी काढली. दोघांनी नवीन कॅरेक्टर केली, जुनी तशीच ठेवली. पासवर्ड म्हणून मावशीच्या जुन्या घराचा नंबर टाकलाय, तो विसरणं शक्यच नाही.

दुसऱ्या शुक्रवारी लिमग्रेव्ह. दोघांना घोडा! मी सांगू शकत नाही काय वाटलं, तेच मैदान, तेच मोठं सोनेरी झाड मागे, आणि दादा माझ्या बाजूने घोडा काढतोय, मधेच उडी मारून पुढे जातोय, मी "थांब थांब" करतोय. पंधरा मिनिटं आम्ही काहीही केलं नाही, नुसते पळवत होतो. पामबीच, तुमची चिठ्ठीची गोष्ट लक्षात होती, म्हणून एक ठरवलं की कुणी बोलायला भेटलं तर दुसऱ्याने तिथे येऊन उभं राहायचं, मगच बोलायचं. दादा वाचतो, मी ऐकतो. त्याचा वाचायचा आवाज लहानपणी गोष्टी सांगायचा तसाच आहे अजून.

काल मार्गिट. सहाव्या वेळी पडला. मी कंट्रोलर हातात धरून बघत बसलो की आता दादा जाणार, आता विरघळणार. नाही गेला. तो तिथेच, माझ्यापासून चार पावलांवर, तलवार खाली करून उभा. हेडफोनवर दोघंही काही बोललो नाही, मागे मुलगी झोपेत कुरकुरली तेवढा आवाज. मग दादा म्हणाला, "चल."

पुढे स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या मेन गेटपाशी ग्रेस (विसाव्याची जागा) आहे, तिथे तो कोपऱ्यातला द्वारपाल सांगतो की समोरच्या दरवाज्यावर पहारा आहे, त्यापेक्षा बाजूच्या भिंतीतल्या भगदाडाने जा. दादा म्हणतो समोरून जाऊ, आपण दोघं आहोत. मी म्हणतो भगदाडाने, कुप्या वाचतील. एक वाजून गेला होता, वहिनींनी लाईट बंद केला तिकडून. दोन्ही कॅरेक्टर ग्रेसपाशी बसवून उठलो. ज्यांनी खेळलंय त्यांनी शुक्रवारच्या आत सांगा, समोरून जायचं का बाजूने? पुढे काय आहे ते मात्र सांगू नका.

सेक्टर_बारा_खारघर

बाजूने. आणि राउटरला यूपीएस लाव आधी.

घणसोली_सखी

दादा म्हणतोय ना समोरून, एकदा जाऊन बघा त्याच्याबरोबर.